हसऱ्या रेघांचा इतिहास

आज मी तुमच्याशी चित्रांबद्दल बोलणार आहे, तेही रेडिओवरून. म्हणजे चित्र दिसणार नाही, फक्त ऐकू येणार. पण माझी आजी न पाहिलेल्या लग्नाचं जेवण पदार्थासकट सांगायची, तेव्हा मीही प्रयत्न करते.

मी मुंबईच्या उपनगरात बचत गटांची समन्वयक आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आमचे गट आहेत, भांडुप-मुलुंडकडेही आहेत. निम्म्या बायका गावाकडून आलेल्या, कुणी सातारची, कुणी जालन्याची, कुणी नागपूरची. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटात एका चित्रावरून मोठा घोटाळा झाला आणि त्याला मीच जबाबदार होते. तो घोटाळा शेवटी सांगते. पण त्यानंतर मी व्यंगचित्रांबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले, आणि मला कळलं की हसण्याची ही रेघ फार जुनी आहे. तिनं राजाला घाम फोडलाय आणि गरिबाला रडवलंयही.

आधी शब्दच बघू. इंग्रजीतला ‘कॅरिकेचर’ हा शब्द इटलीतून आला. तिथल्या भाषेत त्या मूळ शब्दाचा अर्थ भार लादणं, ओझं घालणं. माणसाचं नाक जरा लांब असेल तर चित्रात त्यावर आणखी भार घालायचा, हनुवटी पुढे असेल तर आणखी पुढे ओढायची. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या बोलोन्या शहरात कारात्ची घराण्यातले चित्रकार अशी गमतीची चित्रं काढायचे. मराठीत आपण व्यंगचित्र म्हणतो. व्यंग म्हणजे शरीरातला दोष, उणेपणा. पण संस्कृतात त्याच्याच शेजारी दुसरा शब्द आहे, ‘व्यंग्य’. त्याचा अर्थ सरळ न सांगता सुचवलेली गोष्ट. एका ‘य’चा फरक. आणि माझं मत विचाराल तर सगळं भांडण त्या एका ‘य’चं आहे. तिसरा शब्दही आहे, अर्कचित्र. ओव्याचा अर्क काढतात तसा माणसाचा अर्क काढायचा. मला हा शब्द सगळ्यात आवडतो.

आपल्याकडे कागदावर यायच्या आधीही ही कला होतीच. तमाशातला सोंगाड्या काय करतो? पाटलाची चाल, सावकाराचं खाकरणं थोडं वाढवून दाखवतो आणि अख्खं गाव ओळखतं. बहुरूपी तेच करायचा. नागपूरच्या आमच्या ताई सांगतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि तिच्याबरोबर ‘बडगे’ निघतात. ही मारबतीची प्रथा १८८०च्या दशकापासून चालत आलेली. बडगे म्हणजे कागद-बांबूचे मोठे पुतळे. त्या वर्षी जे लोकांना छळत असेल, महागाई असो, भ्रष्टाचार असो, त्याचा पुतळा करून मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. माणसाएवढं, चालतं व्यंगचित्रच म्हणा ना.

छापील व्यंगचित्राची खरी दहशत पहिल्यांदा फ्रान्सच्या राजाला बसली. १८३१ साली दोमिए नावाच्या तरुण चित्रकारानं राजाला एक अवाढव्य पोटाचा माणूस दाखवला. तो सिंहासनावर बसलाय, त्याच्या तोंडाला एक लांब फळी लावलीय आणि गरीब माणसं त्या फळीवरून पैशांच्या टोपल्या वाहून त्याच्या तोंडात ओततायत. या चित्रापायी दोमिएला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच काळात दुसऱ्या एकानं राजाचं तोंड हळूहळू पेर फळासारखं होत जाताना काढलं, आणि मग पॅरिसमध्ये नुसतं पेर काढलं तरी लोक समजायचे.

अमेरिकेतली गोष्ट तर आपल्या गटांनी ऐकावी अशीच आहे. न्यूयॉर्क शहरात ट्वीड नावाचा एक पुढारी होता. शहराच्या तिजोरीवर त्याची आणि त्याच्या टोळीची मजबूत पकड. पेपरात त्याच्याविरुद्ध लिहून यायचं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण थॉमस नास्ट नावाचा चित्रकार १८७१च्या सुमारास त्याची चित्रं काढायला लागला, लठ्ठ पोट आणि डोक्याच्या जागी पैशांची थैली, तेव्हा तो हबकला. माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण चित्रं दिसतात ना, असं तो वैतागून म्हणाल्याचं सांगतात. पुढे ट्वीड तुरुंगातून पळाला, थेट स्पेन देशात गेला, आणि तिथे १८७६ साली पकडला गेला. ओळख कशी पटली? नास्टच्या व्यंगचित्रावरून! फोटो नाही, व्यंगचित्र. अर्क काढलेला माणूस फोटोपेक्षा लवकर ओळखू येतो.

आता मुंबईत येऊ. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ नावाचं साप्ताहिक निघालं होतं. त्याच्या धर्तीवर १८५४ साली मुंबईत पारशी मंडळींनी ‘पारसी पंच’ काढलं, त्याचंच पुढे ‘हिंदी पंच’ झालं. गुजराती आणि इंग्रजी मजकूर, आणि साहेबाच्या राज्यात साहेबाचीच टोपी उडवणारी चित्रं. मराठी वाचकांच्या घरात ही कला पोचवण्यात मोठा वाटा शंकरराव किर्लोस्करांचा. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून त्यांनी १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३०मध्ये बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. ते स्वतः चित्रकार होते, रूढींवर आणि अंधश्रद्धेवर फटकारे मारणारी चित्रं स्वतः काढायचे. विचार करा, ज्या काळात बाईनं अक्षर गिरवणं हीच बातमी होती, त्या काळात गावातल्या वाड्यात मासिक यायचं. वाचणारी एक असली तरी चित्र बघणाऱ्या चार असणार.

मुंबईच्या व्यंगचित्राचं नाव काढलं की आर. के. लक्ष्मण यांच्याशिवाय पुढे जाताच येत नाही. जन्म १९२१चा, म्हैसूरचा. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. ज्याला चित्रकलेच्या शाळेनं घेतलं नाही त्याची चित्रं पुढे पन्नास वर्षं लोक सकाळच्या चहाबरोबर बघत होते! आपल्या पोरांचे मार्क बघून रागावताना मला हे आठवतं. आधी ते ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते. तिथे त्यांच्याबरोबर बाळ ठाकरेही व्यंगचित्रकार म्हणून काम करायचे. ठाकऱ्यांनी पुढे १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. मुंबईत मराठी माणसाला नोकरी का नाही, हा प्रश्न त्यात लावून धरला होता आणि रोख दाक्षिणात्य लोकांवर होता. त्यातूनच १९६६ साली शिवसेना उभी राहिली. चित्रांच्या साप्ताहिकातून पक्ष निघतो, एवढी त्या रेघेत ताकद. आणि गंमत अशी की म्हैसूरच्या लक्ष्मणांशी ठाकऱ्यांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली.

लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि १९५१पासून त्यांचं रोजचं छोटं चौकोनी चित्र सुरू झालं. त्यात एक म्हातारा असायचा. धोतर, चौकड्यांचा कोट, टक्कल, कानाच्या मागे थोडे केस, गोल चष्मा. हा सामान्य माणूस. तो सगळीकडे असतो, मंत्र्याच्या खोलीत, रेशनच्या रांगेत, खड्ड्याच्या काठावर. सगळं बघतो आणि एक शब्द बोलत नाही. १९८८ साली त्याच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. वरळीला समुद्राकाठी त्याचा पुतळा आहे. बाकी पुतळे घोड्यावर नाहीतर बोट दाखवत उभे, हा आपला नुसता उभा.

पण मैत्रिणींनो, या सामान्य माणसाला एक बायको आहे, आणि ती बोलते! तो गप्प, ती सडेतोड. तिचा पुतळा काही कुणी उभा केला नाही. मी वरळीला गेले तेव्हा मला हेच वाटलं, की बाई, तू कुठे गेलीस? भाजी आणायला?

व्यंगचित्र फक्त राजकारणाला लागतं असं नाही. लक्ष्मणांनीच १९५४ साली एशियन पेंट्ससाठी एक पोरगा काढला, हातात रंगाचा डबा आणि ब्रश, कपाळावर केसांची बट. त्याला नाव द्यायला लोकांमध्ये स्पर्धा ठेवली, आणि नाव मिळालं गट्टू. डब्यावरची अक्षरं वाचता न येणारा माणूसही पोराचं चित्र बघून डबा ओळखणार. १९६६ साली अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी आली, युस्टेस फर्नांडिस यांनी काढलेली. मुंबईच्या फलकांवर ती आजही ताज्या बातमीवर काहीतरी बोलून जाते. गावोगावच्या दूध संस्थांचं लोणी विकते ती एक रेघांची पोरगी. आमच्या पापड-मसाल्याच्या पाकिटावर आम्हीही एक ठसठशीत कुंकवाची आजी काढून घेतलीय. गट्टूचीच अक्कल आहे ती, कबूल करते.

शाळेतही बघा. शि. द. फडणीस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर त्यांची चित्रं नक्की पाहिली असतील. १९२५चा जन्म, बेळगाव भागातल्या भोज गावचा. त्यांची बरीच चित्रं शब्दांशिवायची. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी दोन तरुण जीव शेजारी उभे केले, एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आणि एकाच्या कपड्यावर उंदरांची. झालं, अजून काही सांगायचं राहिलं? त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी हसरी चित्रं काढली. गणिताच्या पुस्तकात हसू, ही कल्पनाच केवढी धाडसाची! आणि पुण्यात मंगेश तेंडुलकर दिवाळीच्या दिवसांत चौकात उभं राहून गाडीवाल्यांना व्यंगचित्रांची शुभेच्छापत्रं वाटायचे. सिग्नल तोडू नका, हेल्मेट घाला, हे पोलिसानं दंड करून सांगायचं ते हे चित्र देऊन सांगत.

इतकं कौतुक केलं, आता दुसरी बाजू.

आमच्या लहानपणी विनोदी अंक उघडला की एक चित्र हमखास असायचं. दारात कंबरेवर हात ठेवून उभी असलेली जाडजूड बायको, हातात लाटणं, आणि समोर काडीसारखा नवरा. मीही हसले आहे त्याला. पण घरोघरी मार खाणारं कोण होतं, हे आपण सगळ्या जाणतो. चित्रात मात्र लाटणं कायम बाईच्या हातात आणि टेंगूळ कायम पुरुषाच्या डोक्यावर. सासू म्हणजे कजाग, काळी मुलगी म्हणजे विनोद, जाड बाई म्हणजे विनोद. हे व्यंग्य नाही, व्यंग आहे, ‘य’ गळालेला.

आणि हे लाटणं खरंच एकदा रस्त्यावर आलं. १९७२चा दुष्काळ तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या अजून सांगत असतील. त्या वर्षी मुंबईत महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती तयार झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळेना म्हणून त्यांनी थाळ्या वाजवल्या आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले. ‘लाटणे मोर्चा’ हेच त्याचं नाव पडलं. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, उपनगरातल्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्या वर्षानुवर्षं लढल्या. अंकातल्या चित्रात ज्या लाटण्याची टिंगल होती तेच लाटणं त्यांनी सरकारपुढे धरलं. याच्याइतकं चांगलं व्यंगचित्र मला दुसरं माहीत नाही, आणि ते कुणी कागदावर काढलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९४९ साली शंकर या मोठ्या व्यंगचित्रकारानं एक चित्र काढलं. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेत, आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे. घटना तयार व्हायला उशीर होतोय असं त्याला म्हणायचं होतं. हे चित्र पुढे अकरावीच्या पुस्तकात आलं आणि २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकावं लागलं. पुष्कळ शिकलेली माणसं म्हणाली, अहो, चाबूक गोगलगाईसाठी आहे, तुम्हाला विनोद कळत नाही. मी इथे त्या माणसांच्या बाजूला उभी राहू शकत नाही. पुस्तकावर झालेली चर्चा मला मान्य, तोडफोड मान्य नाही. पण ज्यांच्या वाडवडिलांनी पाठीवर चाबूक सोसला त्यांना तो चाबूक कुणाकडे जातोय हे कुणी समजावून सांगू नये. २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकारानं बाबासाहेबांवर त्या काळी पेपरांत आलेली व्यंगचित्रं गोळा करून पुस्तक काढलं. आपल्याला वारसाहक्क, घटस्फोटाचा हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळचीही चित्रं त्यात आहेत. ती बघताना हसू येत नाही.

बायकांनी कुंचला हातात घेतला तेव्हा काय झालं? १९८२ साली मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची ‘सुकी’ आली. विस्कटलेल्या केसांची, एकटी राहणारी, स्वतःशी बडबडणारी मुलगी. तिच्या हातात लाटणं नव्हतं आणि ती कुणाची बायको नव्हती. बंगळूरला माया कामत राजकीय व्यंगचित्रं काढायच्या, २००१ साली त्या गेल्या. ही नावं थोडीच आहेत, आणि मराठीत तर आणखी शोधावी लागतात.

आता माझा घोटाळा.

आमच्या गटातल्या एका मावशींची मुलगी चित्र छान काढते, तेव्हा ती नववीत होती. बायका वेगवेगळ्या कर्ज कंपन्यांकडून आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतात, एकाचा हप्ता भरायला दुसरं घेतात. यावर मी कितीदा बोलले, तक्ते लावले, व्याज फळ्यावर मांडलं. कुणी ऐकत नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, बाळा, यावर एक चित्र काढ. तिनं एक बाई काढली, डोक्यावर पाच हंडे, एकावर एक. वरच्या हंड्याला भोक, त्यातलं पाणी खालच्यात गळतंय, आणि बाईची मान पार आत गेलीय. चित्र फार छान होतं. पण पोरीनं बाईला दोन दात पुढे काढले होते. मला ते दिसलंच नाही असं म्हणणार नाही. दिसलं, आणि हसू आलं, आणि मी ते मीटिंगमध्ये भिंतीला लावलं.

सगळ्या हसल्या. कारण तसे दात आमच्या गटात एकीलाच आहेत. तीही हसली, पदर तोंडाला लावून. पुढच्या मीटिंगला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बचतीचे पैसे मुलाकडून पाठवायची, मग तेही बंद झाले.

दोन महिन्यांनी मी तिच्या घरी गेले. दार अर्धं उघडलं, आत बोलावलं नाही. मी म्हटलं, वहिनी, चूक माझी आहे, पोरीची नाही. तेव्हा ती रडली, आणि म्हणाली, दातांचं काय, लहानपणापासून ऐकतेय, पण हंडे बरोबर पाचच कसे काढले? तिची खरंच पाच कर्जं होती. नवऱ्याला दोनच ठाऊक होती. तिला वाटलं मला सगळं कळलंय आणि मी ते भिंतीवर टांगलं. वसुलीवाला दारात बसून राहायचा म्हणून ती दुपारभर शेजारच्या गल्लीत जाऊन बसायची.

मी तिच्याकडे तासभर होते. नंतर पोरीशीही बोलले. तिनं आपणहून चित्र पुन्हा काढलं. या वेळी बाईचं तोंड दाखवलंच नाही, ती पाठमोरी आहे. हंडे तसेच. आणि समोर वसुलीवाला काढला, ज्याची बॅग त्याच्यापेक्षा मोठी आहे आणि पाय एवढे लांब आहेत की तो एका दारात बसला तरी चपला पाच दारांत दिसतात. हे चित्र लावलं तेव्हा त्या मीटिंगमध्ये बायका हसल्या, आणि मग एक म्हणाली, हे माझं आहे. दुसरी म्हणाली, माझे तीन हंडे आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी किती कर्ज घेतलंय ते वहीत उतरलं. अकरा जणींची मिळून सव्वीस कर्जं निघाली.

तुमच्या गटात करून बघायचं असेल तर खर्च काही नाही. वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था खेड्यापाड्यांतल्या लोकांना असंच शिकवते: दोन साधे कागद जोडायचे, त्यावर चार चौकोन आखायचे, गोष्ट चार चित्रांत बसवायची, झेरॉक्स काढायची आणि पाणवठ्यावर, दुकानाच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीबाहेर लावायची. चित्र चांगलंच यायला हवं असं नाही, काडीची माणसंही चालतात. अक्षरं मोठी आणि थोडी ठेवा. लावण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांना एकदा दाखवा. हे शेवटचं त्या संस्थेचं नाही, माझं आहे.

आमच्या वहिनी परत यायला लागल्या. गटातून कमी व्याजाचं कर्ज देऊन सगळ्यात महागडी दोन कर्जं आधी फेडली, तिसरं गेल्या दिवाळीत संपलं. दर वेळी कर्ज फिटलं की त्या भिंतीपाशी जातात आणि पेन्सिलीनं चित्रातल्या एका हंड्यावर फुली मारतात. दोन हंडे अजून राहिलेत.